कमरेएवढी चूल

सकाळी सव्वासहाला भीमाबाई मेश्राम अंगणात उभ्या राहून कणकेचा गोळा हातांवर लांबवत होत्या. हे काम त्या पहिल्यांदाच उभ्यानं करत होत्या. आजवर जमिनीवरच्या चुलीपुढं उकिडवं बसून, वाकूनच त्यांनी उपड्या मडक्यावर लांब रोटी टाकली होती. रायपूर राजधानी झाली, विदर्भातून नोकरीला माणसं आली आणि भीमाबाईंच्या रोटीला गिऱ्हाईक वाढलं.

मार्चमध्ये न्हाणीत पाय सरकला, डावं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतं कसं म्हणून डॉक्टरांनी तपासणी करायला लावली. हाडं विरळ झाली होती. घरच्यांनी लगेच त्यांना खाटेवर बसवलं. सून मोनाली पाण्याचा पेलाही उचलू देईना. पावसाळा असाच गेला.

पुढच्या भेटीत डॉक्टर चिडलेच. "बसवलं कोणी? बसून हाडं आणखी कमजोर होतात. चाला, उभ्यानं कामं करा. फक्त पुढं वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही आणि पडायचं नाही."

"अन् रोटी?"

"वाकावं लागत नसेल तर करा."

म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेल्या नवऱ्यानं, हिरालालनं विटा-मातीचा ओटा बांधून त्यावर चूल मांडली. आज रोटी जमली नाही, तर धंदा बंद करायचा असं भीमाबाईंनी ठरवलं होतं.

जड परात आता मोनालीकडे होती. सैल कणीक आपटून आपटून तिनं ती न तुटता ताणली जाईल अशी तार आणली होती. "मम्मी, आप सिर्फ डालो."

भीमाबाईंनी कोपरापर्यंत लांबवलेली रोटी टाकली. ती अर्धी मडक्यावर पडली, अर्धी लोंबून फाटली. मडक्याचा माथा त्यांना दिसतच नव्हता.

"हे चूल उंटासाठी बांधली काय? कमरेएवढी म्हटलं होतं ना?"

"कमरेएवढीच हाय," हिरालाल म्हणाला.

"कोनाच्या?"

हिरालालनं एकदा ओट्याकडे, एकदा स्वतःकडे पाहिलं. बायको त्याच्या खांद्यालाही पोचत नव्हती.

"मले काय मालूम, तुह्या कमरेचं माप घ्या लागते."

"चाळीस वर्षं झाली लग्नाले!"

मोनाली हसत सुटली. "पापा, अब तोड़ो."

विस्तव विझवून, चूल उतरवून त्यानं ओट्याचे थर काढले. या वेळी भीमाबाईंना शेजारी उभं करूनच माप घेतलं. चूल पुन्हा पेटेपर्यंत ऊन अंगणात आलं होतं. पुढची रोटी एका कडेला जाड राहिली. त्यानंतरची मडक्यावर सरळ पसरली, फुगली, सुटली. भीमाबाईंनी तुकडा मोडून खाल्ला.

"मीठ कमी हाय," त्या सुनेला म्हणाल्या. मग फोन मागून त्यांनी बारशासाठी रोट्या मागणाऱ्या शर्मिष्ठाबाईंना होकार कळवला.

उद्या रविवार, हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीचा दिवस. गोळी सहाला, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. आणि चहाशिवाय भीमाबाई कामाला हात लावत नाहीत, म्हणून उद्या चूल साडेसहानंतरच पेटेल.