ब्रेकमास्तरांनी मान वळवली नाही

ब्रेकमास्तर हे नाव त्यांना त्यांच्या विद्यार्थ्यांनी दिलं होतं. गाडी शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो आयुष्यभर दाबून दाबून मास्तरांच्या पायाला खोडच लागली होती. जेवताना बायकोने पाण्याचा जग जरा भरकन पुढे सरकवला, तरी टेबलाखाली त्यांचा पाय जमिनीत रुतायचा. स्वभावाने मात्र माणूस गरीब. एखाद्याने गाडी फुटपाथवर चढवली, तरी ते शांतपणे म्हणायचे, “आता आपण इथे आलोच आहोत, तर रिव्हर्स शिकून घेऊ.”

अशा माणसाला आकाशाचं वेड लागलं ते एका पंक्चरमुळे.

पन्नाशीला टेकलेले एक दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे गाडी शिकायला आले होते. दिवसभर लोकांच्या जबड्यात बिनधास्त हात घालणारा हा गृहस्थ चौक दिसला की डोळे मिटून घ्यायचा. म्हणून मास्तर त्यांना गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर न्यायचे. तिथेच एका संध्याकाळी टायर बसला. मास्तर चाक बदलायला वाकले आणि डॉक्टरांनी टॉर्च धरली. पण उजेड सारखा भलतीकडेच जात होता.

“डॉक्टर, इकडे, इकडे धरा!”

“मास्तर, तो गुरू आहे.”

“असू दे. माझा नट कुठे गेला ते बघा.”

चाक बसलं, तेव्हा डॉक्टरांनी बॅगेतून दुर्बीण काढून मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी गाडीच्या टपावर कोपरं टेकवली आणि नाइलाजाने डोळे लावले. गुरूच्या दोन्ही बाजूंना चार बारीक ठिपके होते, एका सरळ रेषेत.

“हे कोण?”

“त्याचे चंद्र.”

मास्तरांनी ते चारही परत एकदा मोजले. मग म्हणाले, “पार्किंग झकास केलंय हो!”

झालं. डॉक्टरांना लायसन्स मिळालं आणि मास्तरांना तारे. डॉक्टरांची एक मंडळी होती, महिन्यातून एकदा दुर्बिणी घेऊन माळावर जाणारी. तिच्या प्रमुख म्हणजे औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई. दिवसभर डॉक्टर लोकांचं अक्षर लावण्यात डोळे घालवलेल्या या बाईंना आकाशातला पुसटातला पुसट डागही चटकन सापडायचा. त्यांनी मास्तरांना एक जुनी मोठी दुर्बीण वापरायला दिली आणि मास्तर कायमचे त्यांच्यातले झाले.

मास्तरीणबाई मात्र या भानगडीपासून चार हात लांब होत्या. त्या एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. वाफेच्या यंत्रापुढे दिवसभर उभं राहून चादरींचे ढीग दाबायचे आणि घड्या घालायच्या. घरी आल्यावर त्यांना एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे आडवं होणं. “रात्रभर उभं राहून मान मोडून घ्यायची, वर पदरचं पेट्रोल जाळून! तुमचं तुम्हाला लखलाभ,” असं त्यांचं ठाम मत.

त्या एकदा गेल्या, तेही घराला रंग लागत होता म्हणून. वासाने डोकं उठलं होतं. मास्तर माळावरच्या दोन रात्रींच्या मुक्कामासाठी तंबू बांधून घेत होते, तेव्हा त्यांनी स्वतःची गादी गुंडाळून गाडीत टाकली.

“मी झोपायला येतेय. तारेबिरे बघा तुमचे तुम्ही.”

“बघणार नाहीस?”

“डोळे उघडे राहिले तर बघेन.”

पहिला दिवस तंबू ठोकण्यात, दगड वेचण्यात आणि निखाऱ्यावर बटाटे भाजण्यात गेला. डॉक्टरांनी मास्तरीणबाईंना मोठ्या कौतुकाने शनीची कडी दाखवली. त्यांनी डोळा लावला, “छान आहे हो, स्टिकरसारखं,” म्हणाल्या आणि गादीवर जाऊन आडव्या झाल्या. डॉक्टर जरा हिरमुसले.

खरा बेत दुसऱ्या दिवशीचा होता. दुपारी औषधवाल्या बाईंनी सगळ्यांना सतरंजीवर बसवून तो समजावून सांगितला.

“सूर्याभोवती फिरणारा एक दगड आहे. आपल्या अख्ख्या गावापेक्षा मोठा, पण इतका लांब की दिसत नाही. आज तो एका ताऱ्यासमोरून सरकणार. त्याची सावली जमिनीवरून एखाद्या पट्ट्यासारखी जाईल. त्या पट्ट्यात जो असेल, त्याला तारा चार-पाच सेकंद विझलेला दिसेल. आपण सगळे एकमेकांपासून लांब लांब, रस्त्याच्या कडेने बसायचं. कोणाला तारा किती वेळ विझलेला दिसला, त्यावरून दगडाचा आकार काढता येतो.”

जागा वाटल्या गेल्या. मास्तरांच्या वाट्याला आलं शेवटचं टोक.

“तिथवर सावली पोचेल की नाही, खात्री नाही,” बाई म्हणाल्या. “पण तिथे कोणीतरी हवंच.”

मास्तरांनी मान डोलावली, पण ‘कोणीतरी’ हा शब्द त्यांना लागला. महिनाभर ते या दिवसाकडे डोळे लावून बसले होते. गाडीत बसल्यावर बायकोने विचारलं, “काय झालं? तोंड का पाडलंय?”

“काही नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसवलंय.”

“मग मीही येते. तंबूत एकटीने काय करू?”

ती जागा म्हणजे रस्त्याकडेचा एक बंद पडलेला ट्रकचा वजनकाटा. लोखंडी पत्रा गंजलेला, पण शेजारचा कट्टा सपाट, दुर्बीण ठेवायला उत्तम. अंधार पडल्या पडल्या मास्तरांनी तो तारा शोधून काढला. फिकट पिवळा, एकटा. दुर्बीण हाताने ढकलत राहायची होती, नाहीतर तारा हळूहळू कडेला सरकून निसटायचा. त्यांनी फोन रेकॉर्डिंगला लावून स्टुलावर ठेवला. तारा दिसत असेपर्यंत ‘आहे, आहे’ म्हणत राहायचं, विझला की ‘गेला’ आणि परत दिसला की ‘आला’, असं बाईंनी बजावलं होतं. मास्तरीणबाई गाडीच्या बॉनेटवर गादी टाकून पाठीवर पडल्या होत्या.

“अहो, किती वेळ?”

“झालंच. आता बोलू नकोस.”

“मी कुठे बोलतेय!”

“आहे,” मास्तर म्हणाले. “आहे... आहे...”

आणि नेमका त्याच क्षणी उजेड पडला.

तो मास्तरांच्या पाठीमागून आला. दुर्बिणीची नळी, तिच्यावरचा त्यांचा हात, वजनकाट्याचा गंजका पत्रा, सगळं हिरवट पांढरं झालं. दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना स्वतःची सावली कट्ट्यावरून सर्रकन फिरताना दिसली. मागून बायको किंचाळली, “अहो! अहो, बघा! बाई बाई बाई, अहो, वळा ना!”

मास्तरांच्या मानेवर काटा आला. वर काहीतरी अफाट चाललं होतं, एवढं त्यांना कळलं. नुसती मान वळवायची होती. त्यांचा पाय कट्ट्यात असा दाबला गेला की बुटाची टाच करकरली. डोळ्यात पाणी तरारलं, तारा थरथरला. क्षणभर वाटलं की तो मंद झाला. ‘गेला’ हा शब्द अगदी ओठांवर आला. पण तारा होता. पाण्याआडून, थरथरत, पण होता.

“आहे,” ते पुटपुटले. “आहे... आहे...”

मग अंधार झाला. वेळ उलटून गेली, तेव्हा मास्तरांनी डोळा काढला आणि वर पाहिलं. आकाश नेहमीसारखंच होतं. फक्त एका बाजूला धुरासारखी एक पुसट रेघ विरत होती.

“काय होतं?”

“ते आता मी काय सांगू!” मास्तरीणबाई बॉनेटवर ताठ उठून बसल्या होत्या, दोन्ही हात छातीशी धरून. तेवढ्यात स्वच्छ आभाळात दूरवर कुठेतरी गडगडल्यासारखं झालं आणि त्यांनी मास्तरांचा दंड पकडला. “हे बघा, अजून चाललंय!”

परतताना गाडीत चांगलीच जुंपली.

“नुसती ओरडत काय बसलीस?”

“मग काय, टाळ्या वाजवू? आणि तुम्ही! आभाळ फाटलं तरी हा माणूस हलेल तर शपथ!”

“अगं, मला हलायचंच नव्हतं.”

“आणि तुमचा तारा? तो गेला का?”

“नाही,” मास्तर पडेल आवाजात म्हणाले. “जागचा हलला नाही.”

तळावर नुसता गोंधळ चालला होता. डॉक्टरांना तारा दोनेक सेकंद विझलेला दिसला होता. लख्ख उजेड पडला तेव्हा कोणीतरी गाडीचे दिवे मारले असं समजून त्यांनी रेकॉर्डिंगमध्येच एक सणसणीत शिवी हासडली होती. बाई तर कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

“माझा तारा विझला आणि मी वळले हो! तोवर वरचं संपलं होतं. परत डोळा लावला, तर तारा येऊन बसलेला. घरही गेलं आणि दारही! मास्तर, तुमचं काय?”

“माझं काहीच नाही. दिसतच राहिला.”

“तुम्ही वळला नाहीत?”

मास्तरांनी फोन पुढे केला. सगळे भोवती वाकले. आधी ‘आहे, आहे’, मग मास्तरीणबाईंची किंकाळी, अहो-अहो, बाई-बाई आणि त्या सगळ्याखालून, कुजबुजल्यासारखा पण न तुटणारा, मास्तरांचा आवाज: “आहे... आहे... आहे...” डॉक्टर हसून हसून खाली बसले. मास्तरीणबाईंनी तोंडावर हात घेतला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ते परत लावायला सांगितलं.

“डॉक्टरांकडे दोन सेकंद, तुमच्याकडे एकही नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणजे दगडाची कड तुमच्या दोघांच्या मधून गेली. मास्तर, तुमचं हे ‘नाही’ नसतं, तर तो दगड कुठे संपतो हे आपल्याला कधी कळलंच नसतं. आणि हे ‘नाही’ पक्कं आहे, याला साक्षीदार म्हणून वहिनींची किंकाळी आहे!”

मास्तर कानापर्यंत लाल झाले. ते सगळ्यांसाठी चहा ओतायला लागले आणि निम्मा बशीत सांडला.

पण आता कोणाचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं की एवढ्या दुर्बिणी आणि एवढे जाणकार असताना तो उल्केचा अग्निगोळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाने पाहिला होता, तोही गादीवर पडून. डॉक्टरांनी तंबूची एक काठी आणून मास्तरीणबाईंच्या हातात दिली. “वहिनी, कुठून कुठे गेला, जरा दाखवाल?”

मास्तरीणबाईंनी काठी आकाशाकडे धरली. आधी संकोच, मग रंगत गेल्या. “हा इथून निघाला, टाचणीएवढा. मला वाटलं विमान. मग एकदम फुलला. तापलेल्या इस्त्रीवर पाण्याचा थेंब कसा नाचतो? तसा तडतडत. मागे शेपूट. ओली चादर झटकल्यावर तुषार उडतात ना, तशी. हिरवी, कडेला केशरी. आणि इथे आल्यावर त्याचे तीन तुकडे झाले. नाही, चार. शेवटचा बारका, सगळ्यांत मागे रेंगाळत गेला बिचारा.”

मोठमोठी माणसं माना वर करून तिथे काहीच नसलेल्या आकाशाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सामान आवरून दोघं निघाली. माळ मागे पडला. मास्तर गाडी चालवत होते. मग त्यांनी रस्त्याकडेला, झाडाखाली, नीट इंडिकेटर देऊन गाडी थांबवली.

“काय झालं? पंक्चर?”

“नाही.” त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. “तू ते परत सांग.”

“काल रात्री तीनदा ऐकलंत की.”

“तेव्हा सगळे होते. आता नुसतं मला सांग. टाचणीपासून.”

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. भर दुपारी या माणसाने डोळे मिटून घेतले होते आणि सीटवर मान मागे टाकली होती. त्यांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि सुरुवात केली. या खेपेला तुकडे पाच झाले.