एका पायातलं जोडवं

आई बांधावरून चालायची तेव्हा मला तिच्या मागं पळावं लागायचं. हे मी कुठल्या पत्रकात लिहिलेलं नाही. पत्रकात मी लिहिते, 'निष्काळजी चालकांवर कारवाई झालीच पाहिजे', आणि मार्गासनीच्या एसटी थांब्यावर वाटते. लोक घेतात आणि त्यात भजी बांधून नेतात. नेऊ देत. पण आईच्या चालण्याला पत्रकात जागा नसते. आमच्या दारापुढच्या दगडी पायऱ्यांवर तिची जोडवी वाजायची. घरात बसून मला कळायचं, आता गोठ्यापाशी आली, आता उंबऱ्याशी. तो आवाज मला परत हवाय. बाकी सगळ्या मागण्या त्याच्यानंतर.

तीन वर्षं झाली. भातलावणीचे दिवस. आमच्याकडं बायका एकमेकींच्या खाचरात राबतात, आज तुझं, उद्या माझं. शेवटचं खाचर आटपून सहाजणी रस्त्याच्या कडेनं ओळीनं परतत होत्या. आई सगळ्यात मागं. मागून भावकीतल्या एका पोराचा टेम्पो आला. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्यात मोबाईल. धडकेच्या आवाजानं पुढच्या पाचजणी वळल्या, तेव्हाही मोबाईल कानालाच होता. आईचा खुबा मोडला.

त्यानंच तिला उचलून त्याच टेम्पोत घातलं आणि नसरापूरला दवाखान्यात नेलं. सगळं नासलं ते इथं. ज्यानं दवाखान्यात नेलं त्याच्यावर केस करायची नाही, असं आमच्याकडं मानतात. मग उडवणाराही तोच का असेना. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली आणि खाटेवर पडलेल्या माझ्या आईची तिनं खणानारळानं ओटी भरली.

"वैनी, पोरगं चुकलं आसंल. पन त्यानंच आनलं न्हवं तुमाला?"

"व्हय," आई म्हणाली. "लेकराचं वाईट करून मला काय मिळायचंय."

ओटी घेतली की त्या घराच्या विरोधात तोंड उघडायचं नाही. तासाभरात हवालदार जबाब घ्यायला आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "बारावीला हायेस ना? मग तूच लिही. माझं अक्षर मलाच लागत न्हाई." आई सांगत गेली, मी लिहीत गेले. म्हैस आडवी आली, मी दचकून रस्त्यात गेले, चालकाचा दोष नाही.

त्या रस्त्यावर म्हैस नव्हती. मला ठाऊक होतं. तरी मी ते शुद्धलेखनाची एक चूक न करता लिहिलं. आईनं खाली सही केली. पाय सुजला म्हणून नर्सनं उजव्या पायातलं जोडवं कापून काढलं, तेही त्याच दिवशी. ते माझ्या कंपासपेटीत आहे.

मामाच्या हट्टानं दावा मुदतीत दाखल झाला. भरपाई मिळाली तर खुब्याचं दुसरं ऑपरेशन होईल, आणि डॉक्टर म्हणतात, काठी सुटेल. पण विमा कंपनीचा वकील दर तारखेला माझंच सुबक अक्षर पुढं करतो. आमचे वकील सरळ बोलले, "ताई, आईंनी स्वतः उभं राहून खरं सांगायला पाहिजे. नाहीतर म्हैस जिंकली."

भरपाई विमा कंपनीनं द्यायचीय, त्या पोराच्या घरातून काही जायचं नाही, हे मी आईला किती वेळा सांगितलं. सांगताना आवाज चढायचा माझा.

"मला भाषान नगं दिऊस," ती म्हणायची. "म्या ओटी घेतलीया."

"आणि खुबा कुणाचा मोडला?"

"त्यो बी माजाच."

आता लावणीला ती बांधावर बसून रोपांच्या जुड्या सोडून देते. नजर मात्र खाचरातल्या बायकांच्या पायांवर, घोट्यापर्यंत रुतलेल्या. तिला तो चिखल हवाय. मला ती चिखलात हवीय, पाठमोरी, माझ्यापुढं चार हात.

सोमवारी तिची साक्ष आहे. काल दुपारी तिनं ट्रंकेतला कोरा खण काढायला लावला. नारळ घेतला, ओंजळभर तांदूळ घेतले.

"कुठं चाललीस?"

"वरच्या आळीला." म्हणजे त्या पोराच्या घरी.

"मी येते."

"तू नगं. तितं पत्रक वाचत बसशील." पिशवी खांद्याला अडकवून ती उठली. "तिची ओटी म्या तिला भरून येते. मग मी मोकळी."

मी उंबऱ्यात बसून ऐकत राहिले. काठी, जोडवं, काठी, जोडवं. आवाज वर गेला आणि बंद झाला. पूर्वी ती एवढ्यात जाऊन चहा पिऊन परतसुद्धा आली असती.

बऱ्याच वेळानं खाली आली. पिशवी रिकामी.

"काय म्हणाल्या?"

"रडली. म्हनली, वैनी, त्या दिशी फोनवर त्यो माज्याशीच बोलत हुता. जेवाया कदी येतूस म्हनून म्याच इचारत हुते."

माझ्या एकाही पत्रकात ही बाई नव्हती.

आईनं काठी भिंतीला टेकवली. "सोमवारी पयल्या एसटीनं जाऊ," म्हणाली. "आनि त्ये जोडवं दे. सोनाराकडनं सांधून घिऊ."