फिकट आकाशी रंगाचे नाना

गाडी रंगवायला घेऊन आलेल्या माणसाला ती न रंगवताच परत पाठवणारा पेंटर मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे नाना. रत्नागिरीत माळनाक्याच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड होती. बाहेर 'येथे गाड्या रंगवून मिळतील' अशी पाटी, आणि आत नाना गिऱ्हाइकाला हिरीरीने पटवत असायचे की तुमच्या गाडीला रंगाची काही गरज नाही. धंदा कसा चालतो हे त्यांच्या बायकोलाही कोडंच होतं.

माझी त्यांची गाठ पडली ती भाऊंच्या फियाटमुळे. भाऊ म्हणजे माझे वडील. ते गेल्यावर त्यांची फिकट आकाशी फियाट वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिची पाठवणी याच गाडीतून करायची असं मी मनाशी ठरवलं. रंग पार विटला होता, म्हणून म्हटलं, चांगला लालभडक मारून घेऊ. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लग्न पोरीचं की गाडीचं?"

मग त्यांनी डोळे मिटले आणि ताप बघतात तसा उलटा हात बॉनेटवरून फिरवला. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतला रंग मला दाखवला. ऊन न लागलेला तो आकाशी रंग इतका टवटवीत होता की मी बघतच राहिले. "हा कारखान्यातला रंग गो बाय. वर पण हाच हाय, नुसता न्हायला मागतोय. आणि ताडपत्री कोणी गुंडाळलीन? पावसात आतल्या आत घामेजली ना ती!" ताडपत्री मीच गुंडाळली होती, तीही मोठ्या मायेने.

नाना मूळचे हर्णेचे. लहानपण होड्या रंगवण्यात गेलेलं. "होडीला दर वर्षी रंग द्यायलाच लागतो, खारं पाणी खातं तिला. गाडीचा पहिला रंग एकदाच मिळतो. आपण मारतो तो दुसरा," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. आपण आपल्याच धंद्यावर पाणी सोडतोय याचं त्यांना भान नसायचं.

तीन आठवडे ते आमच्या अंगणात येत होते. शेडमधला नियम इथेही लागू झाला. गाडीजवळ यायचं तर बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, पट्टा सगळं काढून यायचं, कारण ओरखडा उठतो. माझा भाऊ सुधीर पट्टा काढून, एका हाताने पँट सावरत गाडीभोवती फिरायचा आणि आई ओटीवर बसून हसायची. नाना स्वतः गंजीत. जुन्या धुवट लुगड्याचं फडकं, आधी नुसतं पाणी, मग साबणाचं, आणि शेवटी दोन बोटांवर पॉलिश घेऊन वीतभर जागा. वीत झाली की चहा. गंजाने पत्रा उघडा पडला होता तेवढ्याच ठिपक्यांवर ते बारीक ब्रश टेकवायचे. हळूहळू भाऊंचा आकाशी रंग वर आला.

आणि मग मी माती खाल्ली. लग्नाला सहा दिवस होते. परसातल्या कलमाचे आंबे उतरवले, देठ मोडले आणि चीक गळून जावा म्हणून सवयीने पालथे ठेवले. ठेवले कुठे, तर बॉनेटवर! जन्म कोकणात गेला, चिकाने कातडी भाजते हे मला ठाऊक, पण रंगही भाजतो हे डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी आंबे उचलले, तर खाली नऊ काळपट डाग.

नानांनी ते पाहिले आणि ते ओरडले नाहीत. त्याचीच मला भीती वाटली. दोन दिवस खपून त्यांनी आठ डाग जवळजवळ घालवले. नववा, बरोबर मधला, काही केल्या हलेना. सुधीर म्हणाला, "राजापूरला माझ्या ओळखीचा एक जण आहे. दोन दिवसांत अख्खी गाडी मारून देईल. पाहुण्यांसमोर शोभा नको." नानांनी फडक्याची घडी घातली. "आणखी घासलं तर पत्रा दिसेल, म्हणून मी थांबलो. गाडी तुझी, बाय. काय ते ठरव." आणि पहिल्यांदाच ते चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीशी जाऊन उभी राहिले. याच गाडीतून भाऊंनी मला दापोलीच्या हॉस्टेलवर सोडलं होतं. परत निघताना भरलेले डोळे मला दिसू नयेत म्हणून बॉनेट उघडून ते कितीतरी वेळ उगाच इंजिनात डोकावत राहिले होते. मी सुधीरला हाक मारली आणि राजापूरला नको म्हणून कळवायला सांगितलं.

लग्नाच्या सकाळी नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले ते मांडवात न जाता थेट गाडीकडे. मी त्यांना काहीच कळवलं नव्हतं. डाग जागच्या जागी होता आणि भोवती सगळा आकाशी. "राखलास गो बाय," एवढंच म्हणाले. तेवढ्यात आमची आत्या ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायला बॉनेटकडे निघाली, तसे नाना हात पसरून आडवे आले. "काचेवर काढा ताई, काचेवर!" पाठवणीच्या वेळी सगळे माझ्या मुलीकडे बघून रडले. नाना गाडीकडे बघून रडले.

गेल्या श्रावणात नाना गेले. भाऊ गेले तेव्हा सगळं निस्तरण्याच्या गडबडीत मला धड रडायलाही सवड मिळाली नव्हती. नाना गेल्याचा फोन आला, तेव्हा मी फियाटमध्ये जाऊन बसले आणि दोघांसाठी एकदमच रडून घेतलं.