वहिनीची चौथी खोली

आमच्या वहिनीइतकं मन लावून स्वतःच्याच धंद्याविरुद्ध काम करणारं माणूस अख्ख्या रायगडच्या किनाऱ्यावर सापडायचं नाही. किहीमच्या आमच्या वाडीत तिच्या चार खोल्या आहेत, पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. फोनवर कोणी विचारलं, "खोलीतून समुद्र दिसतो का हो?" तर ही सांगणार, "माडावर चढलात तर दिसतो." एकदा पुण्याच्या एका कुटुंबाला तिने, "आज बाजारातलं पापलेट बघवत नाहीये, तुम्ही पुढच्या आठवड्यात या," असं सांगून यायचंच रद्द करायला लावलं. उलट नुसता पत्ता विचारायला थांबलेल्या माणसाला ती जेवल्याशिवाय सोडत नाही. दादा, म्हणजे तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ, अशा वेळी नारळ बघायच्या निमित्ताने वाडीत नाहीसा होतो.

मी मुंबईत डॅशबोर्ड बनवतो. कंपनीचे आकडे चार ठिकाणांहून गोळा करून साहेबलोकांना एका पडद्यावर दाखवायचे, हे माझं काम. वहिनी गावात सांगते, "भावजी दुसऱ्यांनी केलेल्या कामाचे रंगीत गोल काढतात." वर्णन अचूक आहे. आई गेल्यावर माझं किहीमला जाणं कमी झालं होतं. घर आता दादा-वहिनीचं, आपण तिथे कोण, असं मनात यायचं. निदान काहीतरी उपयोगी पडावं म्हणून मी वहिनीला ओटीवरच्या टीव्हीवर खोल्यांचा डॅशबोर्ड करून दिला. ऑनलाइन बुकिंग झालं की त्याच क्षणी दिसणार, ते लाइव्ह. फोनवरचं बुकिंग वहिनी रोज सकाळी एका फाइलमध्ये भरणार आणि त्या फाइलची त्या वेळची प्रत, म्हणजे एक्स्ट्रॅक्ट, लाइव्हला जोडली जाणार. मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे ताजे बोंबील नि सुके बोंबील एका ताटात. चालतील की. खाणाऱ्याला कुठले कुठले ते कळलं म्हणजे झालं."

खाणाऱ्याला कळलं नाही. विहिरीजवळची चौथी खोली वहिनीच्या फाइलमध्ये कायम भरलेली आणि लाइव्हमध्ये कायम रिकामी. विचारलं तर म्हणे, "राहू द्या ती तशीच." पण शिळी माहिती तशीच राहू देईल तो डॅशबोर्डवाला कसला! तिला फाइल पुसायचा कंटाळा येत असणार, असं मी परस्पर ठरवलं आणि ऑफिसात बसल्याबसल्या नियम घातला: दोघांत मतभेद झाला तर लाइव्हचं खरं. डॅशबोर्डवर मोकळी दिसेल तीच खोली ऑनलाइन मिळायची; आता चौथीही मोकळी झाली. बावळटपणासुद्धा हल्ली किती पटकन अमलात येतो! स्वतःवर मी इतका खूश झालो, की शनिवारी नेहमीसारखी न कळवता मांडव्याची बोट पकडली.

मला पाहताच ओटीवर उभ्या असलेल्या वहिनीचा चेहरा पडला. "भावजी, तुमची खोली गेली," ती म्हणाली. विहिरीकडून कोणाच्या तरी मोबाइलवरची गाणी ऐकू येत होती.

"माझी खोली?"

"मग कोणाची? आई गेल्यापासून ती कोणाला दिली नाही मी. तुम्ही न कळवता येता. न कळवता यायला घर लागतं, भावजी. कळवून जायला हॉटेलं आहेत." एरवीची फटकळ बाई, पण टीव्हीकडे बघत पुटपुटली, "मेलं माझंच काहीतरी चुकलं असणार त्या मशीनमध्ये."

मी जाईन तेव्हा एक खोली नेमकी रिकामी असायची, हे मी आजवर माझं नशीब समजत होतो. चूक कोणाची ते मी सांगितलं, तेव्हा दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. वहिनी हसली नाही. तिने ओटीवर माझं अंथरूण घातलं. दुसऱ्या दिवशी मी तो नियम काढून टाकला.

आता चौथी खोली पुन्हा कायम भरलेली दिसते. ऑफिसात कंटाळा आला की मी तो पडदा उघडतो. तीन खोल्यांचे रंग बदलत असतात, चौथीचा बदलत नाही. पाहुण्याच्या जागी वहिनीने माझं नाव घातलंय. ते वाचून बरं वाटतं आणि लाजही वाटते. रोज सकाळी ती मी तिथे असल्याचं लिहून ठेवते, आणि मी मात्र इथे बसलेला असतो.