तोकुनागासान यांच्या उलट्या घड्या

रविवार, २२ जुलै २०१८ रोजी सकाळी, आमच्या कुरुमी गल्लीच्या सभागृहात, गल्ली समितीचे अध्यक्ष नेगोरो शुइची यांनी निवृत्त बसचालक तोकुनागा यासुजी यांनी घडवलेले सर्व कागदी तुकडे जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत भरायला लावले. सभेच्या इतिवृत्तात याचा उल्लेख नाही. तो मी येथे करीत आहे.

तोकुनागासान यांनी आयुष्यभर टेकडीवरच्या इस्पितळाची बस चालवली. शेवटच्या थांब्यावर जागा इतकी अरुंद की इतर चालक कोणालातरी खाली उतरवून शिट्टी वाजवायला लावत. हे मात्र आरशात पाहून बस मागे घेत. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली. पाय पुष्कळसा सुधारला, बोटे सुधारली नाहीत. मग त्यांनी उंबरठा ओलांडणेच सोडले. ऑगस्टमधल्या तानाबाता या ताऱ्यांच्या सणासाठी कागदी गोळे करायला चला, म्हणून पत्नी फुमिए यांनी त्यांना या वर्षी कसेबसे सभागृहात आणले. या बैठकीत मन मोडले तर ते पुन्हा बाहेर पडणार नव्हते. हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, अध्यक्षांनाही.

आमचा गोळा तीस तुकड्यांचा. प्रत्येक तुकडा एका चौकोनी कागदाचा, त्याला दोन टोके आणि दोन खिसे. एकाचे टोक शेजारच्याच्या खिशात जाते. शेवटचा तुकडा बसेपर्यंत सगळा गोळा लुळालुळा असतो. तो बसला की सगळे एकमेकांना धरून राहतात. डिंक आम्ही लावत नाही, कारण सण संपल्यावर गोळा उकलून एकेक तुकडा घरोघरी दाराशी लावायचा असतो.

इतके दिवस घडवलेले तुकडे त्या दिवशी जोडायला घेतले, तर एकही गोळा टिकेना. तोकुनागासान यांचा तुकडा आला की टोक खिशात शिरत नसे.

“तोकुनागासान, हा बसचा गिअर नव्हे, रेटून पडायला,” नेगोरो म्हणाले. “तुम्ही आपले घरी आराम करा.”

दोघे-तिघे हसले. तोकुनागासान यांनी टोपी घातली, वाकून “तुम्हाला त्रास दिला” म्हटले आणि ते निघाले. फुमिएसान यांनी कचऱ्याच्या ढिगातून ती पिशवी उचलली.

“आमचा कचरा आम्हीच टाकू,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासोबत गेले.

त्यांच्या स्वयंपाकघरात चहाचे पाणी तापत होते. पिशवीला गाठ मारण्याआधी फुमिएसान यांनी सहज दोन तुकडे काढून एकमेकांत घातले. ते बसले. तिसराही बसला.

“अहो, हे बघा. तुमचं तुमच्याशी जुळतंय की.”

माझ्या पर्सकडे हात करून त्या म्हणाल्या, “साकुमासान, तुमचा एखादा आहे का हो?”

माझा मात्र बसेना. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले, तेव्हा डाव्या-उजव्या पायाच्या चपला दिसाव्यात तसे दिसले.

तोकुनागासान यांनी दोन्ही तुकडे जवळ ओढले. “सभागृहात हामागुचीसान घड्या शिकवायला माझ्या समोर बसायच्या,” ते सावकाश म्हणाले. “त्यांचा हात जिकडे जाताना दिसायचा तिकडेच मी घडी घालायचो.”

“जन्मभर आरशात बघून बस मागे घेतली,” फुमिएसान म्हणाल्या, “आता घड्याही आरशातल्या. दुसरं काय येणार तुम्हाला?”

तोकुनागासान हसले. आजारपणानंतर त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले. फुमिएसान डोळे पुसत चहाकडे वळल्या. पाणी केव्हाच उतू गेले होते.

पिशवीत तुकडे गरजेपेक्षा जास्तच होते. फुमिएसान यांनी धरले, मी टोके सरकवली. शेवटचा तुकडा मात्र तोकुनागासान यांनी स्वतःच्या डाव्या अंगठ्याने दाबला. गोळा आवळला गेला. मी तो टेबलावर टाकून पाहिला. एक टोकही निसटले नाही.

सणात तो इतर गोळ्यांच्या शेजारीच टांगला. कोणता कोणाचा, हे कोणालाही ओळखता आले नाही.

“हा छान घट्ट झालाय. कुणाचा?” नेगोरो यांनीच विचारले.

“तुमच्या कचऱ्यातला,” फुमिएसान म्हणाल्या.

“मग आधी सांगायचं ना.”

अध्यक्षांच्या तोंडून यापलीकडे आजवर काही निघालेले नाही, आणि निघेल अशी आशा मी सोडली आहे. पण तोकुनागासान पुढच्या बैठकीला टोपी घालून, पत्नीच्याही आधी हजर होते. त्यामुळे माझा राग पूर्वीइतका कडक राहिलेला नाही, हे मी नाइलाजाने नमूद करते.

गल्लीतील सर्व घरांकडे माझी मागणी एवढीच आहे: पुढच्या वर्षी टेबलावर तुकडे टाकायला एकाऐवजी दोन खोकी ठेवा, एक सुलट घड्यांसाठी आणि एक उलट घड्यांसाठी.