वाटीभर हळद आणि डुक्कर फियाट

निमगाव सावा दोनेक किलोमीटर राहिलं आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी प्रकाश चालवत होता. शेजारी त्याचे वडील, शांतिलालशेठ. मागे मी, म्हणजे आदल्याच दिवशी नवा रेडिएटर बसवणारा मेकॅनिक.

गाडी डुक्कर फियाट, म्हणजे गोल नाकाची जुनी फियाट, शेठच्या लग्नाआधीची. नारायणगावात त्यांचं कापडाचं दुकान. घरापुढे जागा एकाच गाडीची, आणि नव्वदनंतरच्या त्या दिवसांत प्रकाशला तिथे मारुती हवी होती. त्याने अट घातली होती: रेडिएटर बदला, निमगावला जाऊन येऊ. तापली नाही तर राहू दे. तापली तर भंगारात.

रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि वारा लागून गार होतं. या मॉडेलचा मिळेना, म्हणून मी पुण्याहून मापाचा करून आणला.

बसवून झाल्यावर शेठाणीबाईंनी पूजेचं ताट आणलं. बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आता आमच्या धंद्यातला एक गावठी उपाय सांगतो. गळक्या रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकली की ती फुगून भोक बुजवते. या गाडीला मी दोन वर्षं हेच औषध देत होतो. नव्या रेडिएटरला त्याची काही गरज नव्हती. पण परीक्षा तोंडावर, म्हटलं थेंबसुद्धा गळायला नको. बाई घरात वळल्या आणि मी ताटातली हळदीची अख्खी वाटी पाण्यात रिकामी केली.

प्रकाशने गाडी कडेला घेतली.

"झालं ना पप्पा? गाडीच म्हातारी झालीय. मिस्त्री तरी काय करणार?"

शेठ उतरून मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले, दवाखान्यात माणसाच्या उशाशी राहतात तसे.

मी गप्प बसलो असतो तर माझी अब्रू वाचत होती. गाडी जात होती.

"शेठ, गाडीला काई झालं न्हाई. मी हळद टाकलीय, त्यानं नळ्या तुंबल्या."

"किती टाकली?" प्रकाशने विचारलं.

"वाटीभर."

"पिठलं करायचं व्हतं का?"

शेजारच्या कांद्याच्या वावरात पाण्याची मोटर चालू होती. इंजिन निवल्यावर रेडिएटर उतरवला, मालकाला विचारून पाइप ओढला आणि खालच्या तोंडातून उलटं पाणी मारलं. इंजिनही आतून धुतलं. पाणी बराच वेळ पिवळंधमक, मग फिकट, मग स्वच्छ. वावराचा मालक म्हणाला, आता माझ्या कांद्याला वर्षभर कीड लागायची न्हाई राव.

रेडिएटर परत बसवून पुढे निमगाव गाठलं, तिथून परत नारायणगाव. वाफेचा पत्ता नाही. प्रकाशने गाडी घरापुढे लावली आणि चावी वडिलांच्या हातावर ठेवली.

"गाडी ऱ्हाऊ द्या पप्पा. मिस्त्री बदला."

शेठनी दोन्ही ठेवलं. मी मात्र तेव्हापासून कुठल्याही गाडीला म्हातारी म्हणायच्या आधी स्वतःचं काम उघडून बघतो. बहुतेकदा पुढे बघावं लागत नाही.