राखेच्या गाडग्यातली नळी

माझी बायको गेली तेव्हा बसायला आलेला जो तो एकच बोलायचा, बाई साधी होती, भाकरी चांगली करायची. भाकरी बरी करायची. चांगली नाही, कडा जाड राहायच्या. तिचं खरं मोठेपण या लोकांना ठाऊकच नाही, म्हणून लिहायला बसलो. चार इयत्ता शिकलेल्याला येतं तेवढं लिहितो.

मोठ्या लढाईच्या काळात मी नंदुरबारला एका जिनिंग कारखान्यात फिटर होतो. कापसाचा हंगाम संपला की पावसाळाभर जिन बंद. इंजिन पुसायचं, डायनामो झाकायचा, चामड्याच्या पट्ट्यांना एरंडेल चोळायचं, एवढंच काम. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलाच एक मुलगा मुंबईहून आला. मुलगा म्हणजे तोवर कॉलेजात प्रोफेसर झालेला. त्याच्या प्रयोगशाळेत लष्कराने सामान भरलं होतं आणि त्याला एक यंत्र जुळवून तपासायचं होतं. आमच्या शेठने त्याला डायनामोची खोली दिली, आणि वर मलाही दिलं.

यंत्र कशाचं, ते त्याने मला असं सांगितलं. काही धातू आपोआप झिजतात. रेडियम त्यातला. झिजताना ते बारीक कण फेकतात, काही जोराने, काही हळू. यंत्राने हे कण वेगाप्रमाणे निवडायचे. मी म्हणालो, म्हणजे पाखडायचं. तो म्हणाला, हो, आणि सूप तुम्ही करायचं.

सूप म्हणजे पितळेची हवाबंद पेटी, आणि तिच्या दोन अंगांना तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. वीज सोडली की वेटोळ्यांचं लोहचुंबक होतं आणि पेटीतले कण वळतात. ज्यांचा वेग बरोबर, तेवढेच वळून दुसऱ्या टोकाला पोचतात. तिथे काचेची एक नळी. कण नळीत शिरला की रेडिओच्या भोंग्यातून टक असा आवाज. पेटी मी केली, तिचे सांधे झाळून बंद केले मी, वेटोळी मी गुंडाळली. आतली हवा पंपाने ओढून काढली की दुसऱ्या दिवशीपर्यंत दाब दाखवणाऱ्या नळकांड्यातला पारा जागचा हलत नसे. हे मी फुशारकीने सांगतो. का सांगू नये?

नळी मात्र त्याची. मुंबईत त्याने स्वतःच्या हाताने भरलेली, एकुलती एक. लढाईत दुसरी मिळणं शक्य नव्हतं. डायनामोच्या खोलीचं छप्पर गळायचं, म्हणून नळी रात्री आमच्या घरी ठेवायची ठरली. बायकोने एक गाडगं घेतलं, राखेने भरलं आणि नळी त्यात उभी रोवली. तिचं माहेर तापीकाठचं, केळीच्या बागांतलं. कपडे धुवायला केळीच्या खांबांची राख तिचा भाऊ पोत्याने पाठवायचा. जे जपायचं ते राखेत, हा तिचा नियम. तुरीचं बियाणं राखेत, चुलीतला निखारा राखेत. प्रोफेसरलाही ते पटलं. ओल नाही, धक्का नाही.

पेटी तयार झाली तेव्हा गाडगं तसंच उचलून खोलीत आणलं. पेटीत बसवण्याआधी नळी एकटी तपासायची होती. जवळ काही नसताना तिने जवळजवळ गप्प राहायला हवं. मुंबईत ती तशी राहिली होती. गाडग्यात नळी छान उभी होती, म्हणून तिथेच तारा जोडल्या. भोंगा सुरू केला, तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा कडकडाट.

प्रोफेसरचा चेहरा उतरला. शिशाच्या डबीत बरोबर आणलेलं रेडियम त्याने मला पार फाटकापाशी नेऊन ठेवायला लावलं. ठेवलं. कडकडाट तसाच. तो खाली बसला आणि म्हणाला, प्रवासात रेडियमचा अंश नळीला लागला, मिस्तरी. तो धुऊन जात नाही. संपलं.

त्याची दोन वर्षं त्या नळीत होती. संध्याकाळच्या सुरतेच्या गाडीने तो परत निघणार होता. मी पान्हे पुसत बसलो.

बायको नळी बांधून द्यायला आली. एवढे दिवस ती दारापर्यंत चहा आणायची आणि तिथूनच परतायची. तिने नळी राखेतून काढली, पदराने स्वच्छ पुसली, कापसात ठेवली. मग म्हणाली, "भाऊ, जावाना पहिले ते एकदा वाजाडी दखाड ना. मी तं अजून ऐकेलच नही."

मी डोळे वटारले. माणूस कोणत्या दुःखात आहे आणि हिला गंमत बघायची. पण तिच्या हातचा इतका चहा प्यायलेला माणूस नाही कसं म्हणणार? त्याने मुकाट तारा जोडल्या.

टक.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक टक. मला वाटलं तार निसटली.

प्रोफेसर उठला. नळी गाडग्यात धरली, गारा. बाहेर काढली, गप्प. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग तो हसायला लागला.

"वहिनी, ही राख कशाची?"

"केयना खांबनी. का, काही बिघडनं का?"

तो म्हणाला, बिघडलं नाही, जुळलं. राखेत खार असतो, आणि त्या खारातलाही एक धातू झिजतो, अगदी मंद, रेडियमपुढे काहीच नाही. केळीच्या राखेत तो खार भरपूर. नळीला ती राखसुद्धा ऐकू येते, म्हणजे नळी उत्तम आहे. राखेवर संशय घ्यायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, असं म्हणून त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

बायकोने विचारलं, केळीचीच राख बोलते का? तो म्हणाला, कोणतीही, कमी-जास्त. माणसाचीसुद्धा.

"मंग मी मरसू तवय बी बोलसू का?"

मी म्हणालो, मेल्यावर तरी गप बैस. तिघंही पोट धरून हसलो. गाडी गेली, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे खरी तपासणी झाली. रेडियम पेटीत ठेवलं, हवा काढली, मी वीज हळूहळू वाढवत गेलो. टकटक वाढत गेली, वाढत गेली, आणि मग उतरली. प्रोफेसर कागदावर टिंबं देत होता. ती जोडली तर सरळ चढणारा आणि सरळ उतरणारा डोंगर झाला, कुठे खाच नाही, कुठे कुबड नाही. पुन्हा केलं, पुन्हा तोच डोंगर. पेटी पास. त्या दिवशी त्याने बायकोला दारात उभं राहू दिलं नाही. शेठची खुर्ची आणून तिला आत बसवलं, आणि माझी बायको खुर्चीवर बसून राहिली, चहा मी आणला.

या पौषात ती गेली. राख सावडायला तापीवर गेलो तेव्हा तिच्या भाच्याला घाई होती. मी म्हणालो, थांब जरा. एक मूठ राख घेतली आणि कानाशी धरली. लोकांनी एकमेकांकडे बघितलं, म्हातारा गेला कामातून. बघू दे. मला काही ऐकू आलं नाही, माझा कान म्हणजे ती नळी नव्हे. पण ती गप नव्हती, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.